दुसरा आधार होता, पाहणारा नव्हता

१४ मे १९७७. लंडनहून निघून अथेन्स आणि नैरोबी असे दोन थांबे घेत आलेलं एक मालवाहू बोईंग ७०७ झांबियाच्या राजधानीत, ल्युसाकाला उतरत होतं. धावपट्टी वैमानिकांच्या नजरेत होती. उतरण्याच्या शेवटच्या तयारीत त्यांनी पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या फळ्या, ५० अंशांपर्यंत खाली सोडले. काही क्षणांत मोठा आवाज झाला. शेपटीचा उजवा आडवा पंख, म्हणजे हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझर, त्याला जोडलेल्या हलत्या फळीसकट, म्हणजे एलेव्हेटरसकट, तुटून पडला. विमानाचं नाक खाली गेलं आणि धावपट्टीच्या साडेतीन किलोमीटरहून थोडं अधिक अलीकडे ते जमिनीवर आदळलं. आत पाच कर्मचारी आणि एक प्रवासी होता. सहाही जण गेले.

माणसं कमी, विमान मालवाहू, जागा मोठ्या वृत्तपत्रांपासून दूर. त्यामुळे हा अपघात सर्वसामान्य वाचकाला फारसा ठाऊक नाही. विमानाच्या सांगाड्याच्या मजबुतीवर आयुष्य घालवणाऱ्या अभियंत्यांना मात्र 'ल्युसाका' एवढा एकच शब्द पुरतो. धातूचा थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भारानं धातूत तडा जाऊन तो वाढत जाणं, म्हटलं की बहुतेकांना कॉमेट ही १९५४मध्ये हवेत फुटलेली ब्रिटिश प्रवासी जेट विमानं आठवतात. माझ्या मते या विषयात नव्यानं पाय ठेवणाऱ्यानं आधी ल्युसाका वाचावं. कॉमेटच्या वेळी काय होतंय याचीच पुरती कल्पना नव्हती. ल्युसाकाच्या वेळी धातूचा थकवा सगळ्यांना ठाऊक होता, नियमही होता, नियम पाळलेलाही होता. तरी शेपूट तुटली.

विमानाचा नोंदणी क्रमांक होता जी-बीईबीपी. ७०७-३२१सी या प्रकारचं, प्रवासी आणि माल दोन्हींसाठी बदलता येणाऱ्या ३००सी मालिकेतलं अगदी पहिलं. १९६३मध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीसाठी बांधलेलं, १९७६मध्ये ब्रिटनच्या डॅन-एअर कंपनीकडे आलेलं. अपघाताच्या दिवशी त्याच्या खात्यावर ४७,६२१ तास आणि १६,७२३ लँडिंग होती. बनवणाऱ्यांनी या विमानासाठी डोळ्यांसमोर ठेवलेलं आयुष्य होतं साधारण ६०,००० तास, २०,००० उड्डाणं आणि २० वर्षं. हे आकडे बाजूला लिहून ठेवण्यासारखे आहेत. विमान म्हातारं होतं असं नंतर सर्रास बोललं गेलं, पण ठरवलेल्या तिन्ही मापांत ते अजून आतच होतं.

थकव्याचा हिशेब करणारा माणूस या आकड्यांतला तासांचा आकडा जरा बाजूला सारतो आणि उड्डाणांकडे बघतो. विमान जमिनीवर असताना त्याच्या भागांवर एक भार असतो, हवेत दुसरा, उतरताना तिसरा. धातूला दमवतं ते हे भाराचं जाणं-येणं. दहा तास सरळ उडालेल्या विमानापेक्षा दहा तासांत आठ वेळा उतरलेलं विमान कितीतरी जास्त थकतं. या विमानाचं सरासरी उड्डाण पावणेतीन तासांहून किंचित लांब होतं, म्हणजे ते लांब पल्ल्याचं, तुलनेनं आरामात राबलेलं विमान होतं.

आता शेपटीकडे. पंख विमान वर उचलतात, तर शेपटीचा आडवा पंख बहुतेक वेळा उलट काम करतो, तो शेपूट खाली दाबून धरतो. तसं नसतं तर नाक खाली झुकलं असतं. फ्लॅप पूर्ण सोडले की नाक खाली जाण्याचा कल वाढतो आणि तो सावरायला शेपटीवरचा खालच्या दिशेचा भारही वाढतो. एका टोकाला बांधलेली पट्टी दुसऱ्या टोकाला खाली दाबली की तिची वरची बाजू ताणली जाते. स्टॅबिलायझरचंही तसंच. त्यात दोन मुख्य आडव्या तुळया असतात, पुढचा स्पार आणि मागचा स्पार. मागच्या स्पारच्या वरच्या काठाला जी जाड पट्टी असते ती टॉप कॉर्ड. शेपूट खाली दाबली जाते तेव्हा सर्वांत जास्त ताणली जाते ती हीच. म्हणून ल्युसाकाचा आवाज फ्लॅप सोडल्यावरच आला. फ्लॅपांचा दोष काहीच नव्हता. उरलेल्या धातूला जेवढं झेपत होतं त्याच्या वरचा भार त्या क्षणी आला, इतकंच.

झांबियानं तपास ब्रिटनच्या अपघात तपास शाखेकडे सोपवला. तुटलेला स्टॅबिलायझर मुख्य अवशेषांच्या मागे, विमान ज्या वाटेनं आलं त्या वाटेवर पडलेला सापडला. म्हणजे तो आदळण्यानं तुटला नव्हता, तो तुटला म्हणून विमान आदळलं. पुढचं काम तुटलेल्या पृष्ठभागानं केलं. एकाच झटक्यात तुटलेला धातू खडबडीत, ओढल्यासारखा दिसतो. थकव्यानं तुटलेला बराचसा सपाट असतो. त्यावर ओहोटीच्या वेळी वाळूवर राहाव्यात तशा एकापुढे एक सरकत गेलेल्या रेषा असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याहून बारीक रेघोट्या दिसतात, भाराच्या एकेका फेऱ्यानं तडा किती सरकला याच्या खुणा. त्या मोजत मागे जाता येतं. चिकाटीचं आणि डोळे दुखवणारं काम आहे, पण यातून निघालेली माहिती कुठल्याही साक्षीदाराच्या जबानीपेक्षा भक्कम असते.

या रेषा मागे जात जात टॉप कॉर्डमधल्या अकराव्या फास्टनरच्या, म्हणजे भाग एकमेकांना जोडणाऱ्या खिळ्याच्या, भोकापाशी पोचल्या. तिथून सुरू झालेला तडा अंदाजे ७,२०० उड्डाणं वाढत होता. साधी वजाबाकी केली तर विमानानं साडेनऊ हजारांच्या आसपास उड्डाणं केली तेव्हा तो जन्मला. या विमानाच्या सरासरीनं वर्षाला साधारण १,२०० उड्डाणं धरली तर तडा सहा वर्षं जगला. सहा वर्षांत विमान किती वेळा हँगरमध्ये गेलं असेल, किती याद्यांवर टिकमार्क झाले असतील! मालक बदलला, विमान नव्या हातात आलं, तेव्हाही तो आत होताच.

भोकापाशी तडा सुरू होणं यात नवल नाही. वाहत्या पाण्यात खांब रोवला की पाणी त्याच्या दोन्ही कडांना जोरात वळून जातं. पत्र्यातून जाणारा ताणही भोकाच्या कडेला असाच गोळा होतो. मोठ्या पत्र्यातल्या एका साध्या गोल भोकाच्या कडेला तो आसपासच्या तिप्पट असतो, हे पुस्तकातलं पहिल्या आठवड्याचं गणित. त्या भोकातून फास्टनर आणखी भार ओततोय असं असेल तर परिस्थिती त्याहून वाईट. विमानात अशी लाखो भोकं असतात. म्हणून 'भोकापाशी का' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. त्याच भोकापाशी, इतक्या लवकर का, हा खरा प्रश्न होता.

उत्तर एका सुधारणेत सापडलं, आणि मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. ७०७ची आधीची १०० मालिका आणि नंतरची ३०० मालिका यांचे स्टॅबिलायझर सारखे नव्हते. ३०० मालिकेत तो मोठा झाला. उड्डाण-चाचण्यांत त्याचा पिळाला होणारा विरोध कमी पडतोय असं दिसलं. म्हणून वरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा काही भाग काढून तिथे स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसवला. ताठरपणाचा प्रश्न सुटला.

पण पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठर. सांगाड्यातल्या भाराला सर्वांत मजबूत भाग कुठला याची फिकीर नसते, तो सर्वांत ताठर भागाकडे धावतो. एकत्र कुटुंबात जो वाकत नाही त्याच्याच डोक्यावर सगळ्यांचं ओझं येतं, तसं. नव्या ताठर पत्र्यानं पूर्वीपेक्षा जास्त भार स्वतःकडे ओढला. आणि तो भार स्पारमध्ये परत पोचवायचा मार्ग एकच होता, पत्रा आणि टॉप कॉर्ड यांना जोडणारे फास्टनर. त्यांच्यावरचा भार वाढला, भोकांच्या कडांवरचा ताण वाढला. पत्रा बदलला, आणि किंमत कॉर्डनं मोजली.

ताण थोडासाच वाढला असेल, त्यानं एवढं काय होणार, असं कुणाला वाटेल. इथे पॉल पॅरिस या अमेरिकन अभियंत्यानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेलं गणित उपयोगी पडतं. तडा दर फेऱ्याला किती सरकणार हे त्याच्या टोकापाशी ताणात होणाऱ्या चढउताराच्या घातावर ठरतं, आणि नेहमीच्या धातूंत हा घात तीन-चारच्या घरात असतो. घात तीन धरला तर ताणाची चढउतार दुप्पट झाल्यावर तडा आठपट वेगानं वाढतो. नुसती २० टक्के वाढली तरी वेग पावणेदोनपटीकडे जातो. भाराच्या वाटपात झालेला जुजबी वाटणारा फरक आयुष्याच्या हिशेबात असा काही वर्षांचा होऊन बसतो.

मग हे चाचणीत का नाही दिसलं? कारण थकव्याची चाचणी झाली होती ती १०० मालिकेच्या स्टॅबिलायझरची. बदललेल्या रचनेची तशी पूर्ण चाचणी झाली नाही. हा हलगर्जीपणा होता असं लिहून टाकणं सोपं आहे, पण तेव्हाच्या नियमानुसार ती करण्याची सक्तीच नव्हती. का नव्हती, हे समजायला वीस-पंचवीस वर्षं मागे जावं लागतं.

१९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमानं भूमध्य समुद्रावर, एक एल्बा बेटाजवळ आणि एक नेपल्सच्या दक्षिणेला, हवेतच फुटली. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात तिसरं एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या केबिनमध्ये पुन्हा पुन्हा दाब भरला आणि उतरवला. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतले फेरे मिळून ३,०५७व्या फेऱ्याच्या सुमारास केबिन फाटली. तोवरचा विचार 'सुरक्षित आयुष्य' असा होता. भाग किती फेरे टिकतो ते चाचणीनं काढायचं, त्याला मोठ्या गुणकानं भागायचं, आणि तेवढे फेरे झाले की भाग काढून टाकायचा. कॉमेटनं दाखवलं की हा अंदाज भयंकर चुकू शकतो. त्या विमानाच्या केबिनच्या एका नमुन्यानं चाचणीत तब्बल १६,०००हून जास्त फेरे काढले होते! त्या नमुन्याला आधी मजबुतीच्या परीक्षेसाठी नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्यानं खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला गेला, दाब काढल्यावर तिथे उलट दाबाचा ताण राहिला, आणि थकव्याला तो नमुना खऱ्या विमानांपेक्षा कितीतरी चिवट झाला. परीक्षेनंच विद्यार्थ्याला उत्तरं सांगितली होती.

यातून अभियंत्यांनी एक शहाणा निष्कर्ष काढला. तडा कधी जाईल हे नक्की सांगता येत नसेल तर तडा जाणार असं धरूनच बांधू या. एक भाग तुटला तरी शेजारचा भार उचलेल अशी रचना करू या. इंग्रजीत याला 'फेल-सेफ' म्हणतात. १९५६मध्ये अमेरिकेच्या नियमांत या पद्धतीला जागा मिळाली आणि बनवणाऱ्याला पर्याय मिळाला, एकतर सुरक्षित आयुष्य सिद्ध करा, नाहीतर रचना फेल-सेफ आहे हे दाखवा. दुसरा पर्याय निवडला की थकव्याची चाचणी नियमानं गरजेची उरत नव्हती. यातला तर्क वरवर बिनतोड वाटतो. एक भाग कधीही तुटला तरी चालणार असेल, तर तो नेमका कधी तुटेल हे काढण्यात पैसे का घालायचे?

७०७च्या मागच्या स्पारमध्ये त्यासाठी व्यवस्था होती. वर टॉप कॉर्ड, खाली बॉटम कॉर्ड, आणि मधोमध आणखी एक कॉर्ड. कल्पना अशी की वरची पट्टी तुटली तर तडा खाली धावताना मधल्या पट्टीशी अडेल आणि मधली पट्टी विमानाला घरी आणेल. कागदावर हे बरोबर होतं. टॉप कॉर्ड नाहीच असं धरून उरलेल्या भागाचं गणित करायचं आणि तो ठरलेला भार पेलतो हे दाखवायचं. बरोबरची खूण झाली, प्रमाणपत्र मिळालं.

या गणितात तीन गोष्टी गृहीत होत्या आणि त्या तिन्ही कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. पहिली, टॉप कॉर्ड तुटेल तेव्हा बाकी सगळं नव्यासारखं असेल. पण मधली पट्टी आणि पट्ट्यांना जोडणारा उभा पत्रा, म्हणजे वेब, तितकीच वर्षं त्याच विमानात, तेच भार खात होती. शिवाय वरच्या पट्टीत तडा वाढत असताना तिचा भार हळूहळू शेजाऱ्यांवर सरकत होता. दुसरा आधार ताजातवाना राखीव खेळाडू नव्हता, तोही सकाळपासून मैदानात होता. दुसरी, वरची पट्टी तुटल्यावर उरलेली रचना एकदाच भार पेलेल एवढं दाखवणं पुरेसं आहे. ती किती उड्डाणं पेलेल हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची, पट्टी तुटल्याचं कुणाच्या तरी लक्षात येईल.

फेल-सेफ हा धातूचा गुण नाही. दुसरा आधार फक्त वेळ देतो. त्या वेळात कुणी येऊन पाहिलं तर विमान वाचतं. कुणी आलं नाही, तर दुसरा आधार म्हणजे थोड्या उशिरानं तुटणारा पहिलाच आधार. ल्युसाकाच्या विमानाला रचनेनं वेळ दिला होता. त्या वेळेची लांबी किती आणि त्यात पाहणी कितीदा होणार, या दोन आकड्यांची गाठ मात्र कुणी घालून दिली नव्हती. पाहणीच्या याद्या त्यांच्या वाटेनं चालल्या होत्या, तडा त्याच्या वाटेनं.

अंतिम अहवालानं कारण सांगताना मागच्या स्पारमधला थकवा आणि फेल-सेफ रचनेतली उणीव या दोन्हींना एकत्र धरलं. रचनेचं मूल्यमापन, प्रमाणन आणि पाहणीच्या पद्धती यांतल्या त्रुटी हातभार लावणाऱ्या ठरल्या. यातल्या 'पाहणी' या शब्दावरून हँगरमधल्या माणसाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. तडा अर्धवट असताना तो पट्टीच्या आतल्या बाजूला, पत्र्याखाली, फास्टनरच्या डोक्याआड होता. यादीत लिहिलं होतं ते बाहेरून नजर टाकण्याचं काम. ज्या माणसाला कुठे, काय आणि केवढं शोधायचं हे सांगितलेलं नाही, त्याच्या हातात टॉर्च देऊन 'नीट बघ' म्हणण्याला पाहणी म्हणत नाहीत. कुठे बघायचं हे ज्याला ठाऊक असायला हवं होतं तो माणूस रचनेच्या टेबलाशी बसला होता, आणि त्याला ते ठाऊक होण्याचा मार्ग, म्हणजे थकव्याची चाचणी, नियमानं ऐच्छिक ठरवला होता. साखळी अशी उलटी वाचत गेलं की टॉर्चवाल्यापर्यंत येईतो दोष फारसा शिल्लक राहत नाही.

अपघातानंतर जगभरातली तसा स्टॅबिलायझर असलेली ५२१ विमानं तपासली गेली. ३८ विमानांच्या मागच्या स्पारमध्ये तडे निघाले, आणि चार विमानांचे स्पार बदलावे लागले. हा आकडा मी नव्या अभियंत्यांना नेहमी शेवटी सांगतो. तोवर ते एका विमानाच्या दुर्दैवाविषयी ऐकत असतात. शंभरातली सात विमानं तेच दुखणं अंगावर घेऊन उडत होती म्हटल्यावर वर्गातली हवा बदलते. आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर: जी-बीईबीपी हे त्या मालिकेतलं पहिलं विमान. थकव्याची जी चाचणी प्रयोगशाळेत व्हायला हवी होती ती जणू त्या विमानानं स्वतः, माणसांना घेऊन, पार पाडली.

नियम बदलायला वेळ लागला नाही. मोठ्या प्रवासी विमानांसाठीचा अमेरिकी नियम १९७८मध्ये बदलला, आणि 'डॅमेज टॉलरन्स', म्हणजे सांगाड्याची इजा सोसण्याची क्षमता, हा पाया झाला. हा विचार लष्करी विमानांत आधीच आला होता. १९६९मध्ये नेव्हाडात एफ-१११ या लढाऊ विमानाचा पंख जेमतेम शंभर तासांच्या उड्डाणानंतर तुटला. अतिमजबूत पोलादाच्या घडाईतला एक जन्मजात दोष कारखान्यातल्या सगळ्या तपासण्या चुकवून आत राहिला होता. त्यातून अमेरिकी हवाई दलानं १९७०च्या दशकात ठरवलं की नव्या कोऱ्या भागातही तडा आहे असंच धरून हिशेब मांडायचा. नागरी विमानांकडे हे उत्तर आणखी काही वर्षं उशिरा आलं. एकाच धंद्यातली दोन घरं भिंतीला भिंत लावून राहतात आणि शेजारी काय शिजतंय याचा वास यायला आठ-नऊ वर्षं लागतात!

नव्या पद्धतीत प्रश्नच वेगळा असतो. हा भाग तुटला तर काय, इथे न थांबता विचारायचं: तडा केवढा झाला की आपल्या साधनाला खात्रीनं सापडेल, केवढा झाला की भाग तुटेल, आणि या दोन मापांमध्ये किती उड्डाणं जातील? समजा एका पट्टीत ५ मिलिमीटरचा तडा विद्युतप्रवाहाच्या एडी करंट तपासणीत हमखास सापडतो, ६० मिलिमीटरला पट्टी जाते, आणि ५ पासून ६०पर्यंत जायला ६,००० उड्डाणं लागतात. मग पाहणी किमान दर ३,००० उड्डाणांना हवी, म्हणजे एकदा नजर चुकली तरी दुसरी संधी मिळेल. आकडे माझे, उदाहरणापुरते. आता त्याच पट्टीकडे नुसत्या डोळ्यांनी, लांबून बघायचं ठरवलं आणि तडा ४० मिलिमीटरचा होईपर्यंत दिसणार नसेल, तर ४० ते ६०चा प्रवास काहीशे उड्डाणांत संपतो. तडा मोठा होईल तसा त्याचा वेग वाढतो, ही यातली मेख. आयुष्यातला बहुतेक काळ तो बारीक असतो, आणि दिसण्याइतका होतो तेव्हा घाईत असतो. ल्युसाकाच्या पाहणीनं त्या शेवटच्या घाईच्या काळावर भिस्त ठेवली होती.

जुन्या विमानांचं काय करायचं हा वेगळा पेच होता. ती जुन्या नियमाखाली बांधलेली, आणि त्यांच्यासाठी नवा नियम मागे जाऊन लागू होत नव्हता. म्हणून जुन्या जेट विमानांच्या प्रत्येक प्रमुख भागाचं नव्या पद्धतीनं फेरगणित झालं आणि पूरक पाहणीची पुस्तकं निघाली. कुठल्या पट्टीचं कितवं भोक, कुठल्या साधनानं, किती उड्डाणांनी, हे त्यांत नेमकं लिहिलेलं असतं. तडा-गणितात मुरलेल्या कितीतरी अभियंत्यांची कारकीर्द याच पुस्तकांत गेली. नवं विमान रेखाटण्याचं वलय या कामाला नाही. वीस वर्षं जुन्या रेखाचित्रांची थप्पी, मूळ रेखाटणारा कधीच निवृत्त झालेला, आणि आपण विचारतोय की हा फास्टनर इथेच का घातला असेल. घरच्या जुन्या भिंतीतली वायरिंग शोधण्याइतकंच चिडचिडं काम. पण विमानाचा सांगाडा खरा कसा चालतो हे याच कामात कळतं.

नव्या पद्धतीनंही सगळं मिटलं नाही. १९८८च्या एप्रिलमध्ये हवाईवर अलोहा एअरलाइन्सच्या १९ वर्षांच्या ७३७चं छप्पर हवेत उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, विमान तरीही उतरलं. त्याची जवळजवळ ९०,००० उड्डाणं झाली होती. तिथे एक मोठा तडा नव्हता. रिव्हेटच्या ओळीत शेजारी शेजारी असंख्य बारीक तडे होते, एकेकटे निरुपद्रवी, आणि एके दिवशी ते एकमेकांना मिळाले. ल्युसाकातलं पहिलं न लिहिलेलं गृहीतक इथे पुन्हा उघडं पडलं: शेजारी ठणठणीत आहे असं धरून चालणं. शेजारी त्याच दिवशी जन्मलेला आणि त्याच कामावर असेल, तर त्याच्या भरवशावर केलेलं गणित कच्चंच राहणार. अमेरिकेच्या नियमांत यावरचं उत्तर २०१०च्या अखेरीस आलं. प्रत्येक मोठ्या विमानाच्या प्रकाराला उड्डाणांची एक मर्यादा घालायची आणि तिच्यापलीकडे चाचणीचा पुरावा असल्याशिवाय उडवायचं नाही. म्हणजे कॉमेटनंतर बदनाम झालेलं 'ठरावीक आयुष्य' फिरून मागच्या दारानं घरात आलं, आणि या वेळी ते योग्य होतं.

ल्युसाकाच्या कागदांकडे परत जाताना माझं मन दर वेळी शेवटच्या दोन थांब्यांवर अडतं. त्याच फेरीत ते विमान अथेन्सला उभं होतं, मग नैरोबीला उभं होतं. इंधन भरलं गेलं असणार, निघण्यापूर्वीची फेरी कुणीतरी मारली असणार, शेपटीखालून चालत जाऊन वर मान करून पाहिलं असणार. खाली उभ्या माणसाला स्टॅबिलायझरचा तळ दिसतो. तडा वरच्या बाजूला होता.